खेळ कंपनीचा, सर्व्हर पोरांचा, मग नियम कोणाचे?

२००५च्या सुमारास आमच्या गावच्या नेट कॅफेत मी बातम्या टाइप करायला जायचो. शेजारी पोरं काउंटर-स्ट्राइक खेळत नुसता गोंगाट करायची. तो खेळ मुळात कंपनीने बनवलाच नव्हता, हे मला फार उशिरा कळलं.

१९९८ला वॉल्व्ह कंपनीचा हाफ-लाइफ आला. मिन्ह ली आणि जेस क्लिफ या दोन तरुणांनी त्यातच फेरफार करून १९९९मध्ये काउंटर-स्ट्राइक उभा केला आणि फुकट वाटला. २०००मध्ये वॉल्व्हने तो विकत घेतला, दोघांना कामावर घेतलं. पुढे जगभर खेळाडूंनी पदरमोड करून, वर्गणी काढून सर्व्हर चालवले. नवे नकाशे, नव्या तऱ्हा त्यांनीच आणल्या.

२०१३मध्ये खेळाच्या नव्या आवृत्तीत बंदुकांच्या रंगीत 'स्किन' आल्या. त्यांचे व्यवहार खऱ्या पैशात होऊ लागले. काही सर्व्हरवाले मात्र त्याच स्किन फुकट वापरायला देत. २०१५मध्ये कंपनीने बजावलं: खेळाडूकडे नसलेली वस्तू त्याच्याकडे असल्याचं दाखवाल, तर सर्व्हरचं टोकन बंद!

कंपनीचं म्हणणं पटतं. ज्याने पैसे मोजले, त्याची फसगत नको. पण फेरफार करायची मुभा होती म्हणूनच हा खेळ जन्मला ना? नियम जरूर करा, पण आधी सर्व्हर चालवणाऱ्यांना विचारा. जत्रा वर्गणीवर मोठी होते. दुकानं थाटली म्हणून वर्गणीदाराला मंडपाबाहेर काढत नसतात.