झाडूचे वतन

पहाटेच्या अंधारात पुण्याच्या कुठल्याही पेठेतील आरोग्य कोठीपुढे जाऊन उभे राहावे. कोठी म्हणजे काय, तर एक खोली, एक टेबल, भिंतीला टेकवलेले झाडू, घमेली आणि बाहेर उभ्या ढकलगाड्या. हजेरी होते. कुणाला गल्ली, कुणाला मंडई, कुणाला ड्रेनेजचा चोकअप. शहर जागे होण्यापूर्वी हे लोक शहराला तोंड दाखवण्याजोगे करून ठेवतात. पुढे दिवसभर पुणे आपल्या विद्येचा, संगीताचा आणि शिष्टाचाराचा अभिमान बाळगायला मोकळे होते.

या कोठीत एक उतरंड आहे. सर्वांत खाली बिगारी आणि झाडूवाल्या बाया. त्यांच्यावर मुकादम. मुकादमावर आरोग्य निरीक्षक, त्यावर विभागीय निरीक्षक, आणि त्यांच्यावर महापालिका भवनात बसणारे अधिकारी. ड्रेनेज खात्यात तेच: खाली चेंबरमध्ये उतरणारा, वर नकाशा वाचणारा अभियंता. कागदावर ही शिडी सर्वांना खुली आहे. मग प्रश्न असा की, खालच्या पायरीवर पिढ्यान्‌पिढ्या त्याच जातींची माणसे का सापडतात, आणि वर जाताना आडनावे का बदलत जातात? हा प्रश्न नोकरभरतीचा नाही, इतिहासाचा आहे.

पुण्यात नगरपालिका आली ती १८५० च्या कायद्याने, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. तोपर्यंत गावगाड्यात सफाई हे काम नव्हते, तो धर्म होता. महाराने मेलेले ढोर ओढावे, वेशीची राखण करावी, सांगावा पोचवावा, आणि बदल्यात बलुते, भाकरतुकडा घ्यावा. नगरपालिकेने या धर्माला पगार लावला. भाकरीच्या जागी रुपया आला, वेसकराच्या काठीच्या जागी झाडू आला. ज्यांना गावात राबूनही हक्काने काही मागता येत नव्हते, त्यांना महिन्याच्या महिन्याला रोख पगार मिळू लागला, ही गोष्ट लहान नव्हे. पण नगरपालिकेने जातीची वाटणी मोडली नाही. तिने ती हजेरीच्या पुस्तकात उतरवून घेतली. रस्ता झाडायला महार-मांग, मैला उपसायला मेहतर-भंगी, पाण्याच्या नळाला हात लावायला दुसरा, आणि हिशेब लिहायला तिसरा. गुजरात, राजस्थानकडून मेहतर समाजाची कुटुंबे या कामासाठी महाराष्ट्राच्या शहरांत आली. टोपलीचा संडास, डोक्यावरची पाटी आणि घराच्या मागची भंगीगल्ली ही जुन्या शहराची रचनाच होती. वाड्याच्या पुढच्या दाराने पाहुणा यायचा, मागच्या बोळाने माणूस माणसाची घाण घेऊन जायचा. दोघांची गाठ पडू नये, याची काळजी शहराच्या नकाशानेच घेतली होती.

याच नगरपालिकेत १८७६ पासून काही वर्षे महात्मा जोतीराव फुले सभासद होते. आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला करणारा हा माणूस. १८८० साली व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्च करण्याची टूम निघाली. जोतीरावांचे म्हणणे असे की, हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाला लावा. सभागृहात ते एकटे पडले. या घटनेत आपल्या प्रश्नाची किल्ली आहे. नगरपालिकेचा पैसा कमानी-तोरणांकडे जायचा की शाळेकडे, यावर कोठीतल्या माणसाचे पोर पुढे काय होणार हे ठरत असते. शाळा आणि झाडू या दोन वेगळ्या बाबी नाहीत, हे जोतीरावांना तेव्हाच कळले होते.

पुढे १८९७ ची प्लेगची साथ. तिचा इतिहास आपल्याला रँड आणि चापेकर यांच्या नावाने शिकवला जातो. त्याच साथीत रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या, हे पाठ्यपुस्तकांना फार उशिरा आठवले. आणि ओस पडलेल्या पेठांतली गटारे ज्यांनी धुतली, घाण ज्यांनी उपसली, त्यांची नावे तर कुठल्याच पुस्तकात नाहीत. आजार शहराचा असतो तेव्हा त्याच्या अगदी जवळ जाणे हे काहींच्या वाट्याला आलेले काम असते. दूर पळणाऱ्याचा इतिहास होतो, जवळ जाणाऱ्याची फक्त हजेरी लागते.

आपल्या माणसांनी हे मुकाट्याने मान्य केले होते काय? मुळीच नाही. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली ‘सोमवंशीय मित्र’ सुरू केला, आणि १९१० साली महार समाजाच्या वतीने विलायत सरकारला अर्ज केला. त्यातील मागणी काय होती? सरकारी नोकरीच्या अगदी खालच्या जागांवर, पोलिसांत आणि लष्करात आम्हाला प्रवेश द्या. आजच्या वाचकाला ही मागणी फार नम्र वाटेल. पण तिचे मर्म ओळखले पाहिजे. झाडू तर त्यांच्या हातात होताच, तो मागावा लागत नव्हता. त्यांना हवी होती शिडीची पहिली पायरी, जिच्यावरून दुसरी दिसते. झाडूची जागा ही पायरीच नव्हती, तो तळ होता. जिथून वर रस्ताच नाही, ती नोकरी असली तरी तिला बढती नसते.

२४ सप्टेंबर १९३२ रोजी याच पुण्यात, येरवड्याच्या तुरुंगात पुणे करार झाला. राखीव जागा आणि संयुक्त मतदारसंघ यांविषयी आपण पुष्कळ बोललो, भांडलो. त्या कराराच्या शेवटच्या कलमांकडे मात्र आपले लक्ष कमी गेले. स्थानिक संस्थांच्या निवडणुका आणि सार्वजनिक नोकऱ्या यांत अस्पृश्य म्हणून कुणाला अपात्र ठरवू नये, त्यांना योग्य प्रतिनिधित्व मिळेल असा प्रयत्न व्हावा, असे तेथे लिहिलेले आहे. पण त्याला एक शेपूट होते: शैक्षणिक पात्रतेच्या अटीस अधीन राहून. अट वाजवी दिसते. मात्र ज्याला शाळेच्या ओसरीवर बसवले, त्याच्यापुढे पात्रतेची अट ठेवणे म्हणजे दार उघडून उंबरा छातीएवढा करणे होय. करार करणाऱ्यांनी पुढच्याच कलमात अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी पैसा राखून ठेवण्याची तरतूद घातली, ती याच जाणिवेतून.

बाबासाहेबांनी १९३५ साली मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ स्थापन केला. गिरणी कामगारांच्या बलाढ्य संघटना असताना हा वेगळा संघ कशाला, असे विचारणारे तेव्हाही होते. उत्तर गिरण्यांतच होते. तेथे विणकाम खात्यात, जेथे पगार अधिक, तेथे अस्पृश्य कामगाराला मज्जाव होता, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळ होई. कामगारांचे ऐक्य विणकाम खात्याच्या दारापाशी संपत होते. म्हणून बाबासाहेबांनी कामगाराचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. म्युनिसिपालिटीत भांडवलदार नव्हता. पण जातीची उतरंड शाबूत होती, आणि तीच तेथे मालकासारखी वागत होती.

१५ फेब्रुवारी १९५० रोजी पुण्याची महानगरपालिका झाली. संविधान लागू होऊन अवघे वीस दिवस झाले होते. अस्पृश्यता कायद्याने संपली होती. कोठीतली हजेरी मात्र होती तशीच चालू राहिली. मुंबई सरकारने १९४९ साली वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली भंगी कामगारांच्या राहणीची चौकशी करणारी समिती नेमली होती, तिचा अहवाल १९५२ साली आला. पुढे १९५७ साली केंद्राने मलकानी समिती नेमली. डोक्यावरची पाटी जावी, ढकलगाडी यावी, घरे बरी व्हावीत, अशा शिफारशी होत गेल्या. कामाची पद्धत सुधारावी, असे सर्वांना वाटत होते. हे काम याच माणसांनी का करावे, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला.

आणि मग आली वारसाहक्काची व्यवस्था. लाड-पागे समितीच्या शिफारशींवरून १९७० नंतरच्या दशकात महाराष्ट्र शासनाने सफाई कामगाराच्या वारसाला त्याच्या जागी नोकरी देण्याचे धोरण स्वीकारले. पुण्यात कामगार त्याला ‘घाणभत्ता वारस’ म्हणतात. ज्या पदाला घाणभत्ता मिळतो, त्या पदाला वारस लागतो. शब्द नीट ऐका. वाड्याचा वारस असतो, जमिनीचा असतो, सावकारीचा असतो. आमच्या वाट्याला घाणीचा वारसा आला, आणि तोही टिकवण्यासाठी आम्हाला मोर्चे काढावे लागले. २४ फेब्रुवारी २०२३ रोजी शासनाने या तरतुदी एकत्र करून नवा निर्णय काढला, त्यावर कोणकोणत्या जातींना लाभ मिळावा याविषयी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे वाद गेला. झाडूसाठी न्यायालयात जावे लागावे, यात आपल्या काळाची सगळी कहाणी आहे.

येथे एक जुना दाखला आठवतो. महार वतन. सरकारची पडेल ती चाकरी करायची आणि बदल्यात जमिनीचा तुकडा व बलुते घ्यायचे. महार समाजाला त्या वतनाचा अभिमान होता. बाबासाहेबांनी मात्र त्याला गुलामीची साखळी मानले, आणि १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. त्या विधेयकाची कल्पना बारकाईने पाहण्याजोगी आहे. वतन काढून घ्या आणि महाराला उघड्यावर टाका, असे ते म्हणत नव्हते. ज्याला हवे त्याने पूर्ण सारा भरावा, जमीन स्वतःकडे ठेवावी आणि चाकरीतून मोकळे व्हावे, अशी ती तजवीज होती. हक्क ठेवा, वेठ सोडवा. ते विधेयक पुढच्या वर्षी त्यांना मागे घ्यावे लागले. वतन गेले ते १९५८ च्या कायद्याने, बाबासाहेबांच्या निधनानंतर.

घाणभत्त्याचा वारसा हे शहरातले वतन आहे. बाप निवृत्त झाला किंवा मेला, की पोरापुढे दोन वाटा असतात. एक, बापाची जागा घ्यावी. दुसरी, शिकत राहावे आणि नशीब आजमावावे. पण वाटा वाटतात तेवढ्या मोकळ्या नसतात. आंबील ओढ्याच्या साने गुरुजी वसाहतीसारख्या वसाहतींत पालिकेने सफाई कामगारांना खोल्या दिल्या. चाकरी गेली की खोलीवरचा हक्क डळमळतो. म्हणजे झाडू नाकारायचा तर आधी आईला घेऊन कुठे राहायचे, याचे उत्तर द्यावे लागते. पदवी घेतलेला पोरगा कोठीवर का येतो, असे विचारणाऱ्या पांढरपेशाने आधी या घराचा हिशेब मांडावा.

मग वारसाहक्क मोडावा काय? येथे घाईने बोलणाऱ्यांपासून सावध राहिले पाहिजे. कारण आज वतनाच्या पलीकडे स्वातंत्र्य उभे नाही, ठेकेदार उभा आहे. कायम जागा रिकामी झाली की तिथे कंत्राटी माणूस येतो: तोच झाडू, तोच चेंबर, पण पगार तुटपुंजा, रजा नाही आणि बढतीचा तर शब्दच नाही. कायम कामगाराच्या शिडीला निदान मुकादमाची पायरी आहे, कंत्राटी कामगाराला शिडीच नाही. त्याची जात मात्र बहुधा तीच असते. मुंबईच्या सत्तावीसशे कंत्राटी सफाई कामगारांना कायम होण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालापर्यंत लढावे लागले. गटारात गुदमरून मेलेल्याच्या कुटुंबाला दहा लाख रुपये द्या, असे त्याच न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी सांगितले, आणि २०२३ साली ही रक्कम तीस लाख केली. मरणाची किंमत वाढली. चेंबरमध्ये माणूस उतरवण्याची रीत त्याने थांबली नाही.

म्हणून मागणी नेमकी करायला हवी, आणि ती १९२८ च्या विधेयकातच दडलेली आहे. हक्क ठेवा, वेठ सोडवा. सफाई कामगाराच्या वारसाचा दावा महापालिकेच्या नोकरीवर असावा, झाडूवर नव्हे. त्याचे जेवढे शिक्षण, तेवढ्या पायरीवर त्याला जागा मिळावी. मुकादमापाशी अनुभवाची शिडी संपते आणि तेथून कागदाची शिडी सुरू होते. या दोन शिड्या जोडणारा पूल पालिकेने स्वतःच्या खर्चाने बांधावा. वीस वर्षे गल्लीबोळ तुडवणाऱ्या मुकादमाला कोणत्या चेंबरचे पाणी कुठे तुंबते हे ठाऊक असते. त्याला स्वच्छता निरीक्षकाची पदविका नसेल, तर पगारी रजा देऊन ती त्याच्याकडून करवून घ्या. आणि घर चाकरीपासून सोडवा. घर सुटले की अर्धा झाडू आपोआप सुटतो.

२०१२ साली पुण्यात एक गोष्ट घडली. महापालिकेच्या सफाई कामगारांनी गो. पु. देशपांडे यांचे ‘सत्यशोधक’ हे नाटक अतुल पेठे यांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आणले. ज्या नगरपालिकेत जोतीराव एकटे पडले होते, तिच्याच वारसदार महापालिकेचे झाडूवाले जोतीराव होऊन उभे राहिले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे तीच माणसे कोठीवर हजेरीला होती.

त्यांच्या अंगी गुण नव्हते म्हणून ती खालच्या पायरीवर होती, असे आता कुणाला म्हणता येणार नाही. पायरीच तशी बांधलेली आहे. ती ज्यांनी बांधली त्यांची नावे इतिहासात आहेत. ती मोडणाऱ्यांची नावे अजून हजेरीच्या पुस्तकातच आहेत.