साळोत्री, नालबंद आणि लंगडा घोडा

शिगम्याच्या दिवसांत डिचोली आणि सत्तरी या भागांत घोडेमोडणी निघते. कमरेस लाकडी घोड्याचे तोंड बांधलेले, मस्तकी फुलांचा साज, हाती तलवार, अशा वेषाने गडी ढोलताशांच्या ठेक्यावर पुढे मागे पावले टाकीत नाचतात. डिचोली तालुक्यातील सर्वण गावी राहणाऱ्या आम्हांस हा सोहळा लहानपणापासून ओळखीचा. लाकडाचा घोडा कधी लंगडत नाही, त्यास कधी पाणी पाजावे लागत नाही, त्यामुळे ज्या खऱ्या घोड्यांची ही आठवण, त्यांचे पुढे काय होत असे, हा विचार नाच पाहणाऱ्याच्या मनात सहसा येत नाही. आमच्याही मनात तो पुष्कळ वर्षे आला नव्हता.

तो आला तो घोड्यामुळे नव्हे, कुत्र्यामुळे. काही वर्षांपूर्वी खनिजाच्या एका ट्रकाचा धक्का लागून आमच्या घरच्या कुत्र्याचा मागचा भाग लुळा पडला. जो तो येऊन, त्याचे हाल आता संपवावेत, असा सल्ला देऊ लागला. एका तरुण पशुवैद्याने मात्र निराळी वाट दाखविली. हाड मोडलेले नाही, अशी खात्री करून घेऊन त्यांनी आम्हांस त्याच्या पायाचा एकेक सांधा हलक्या हाताने वाकवावयास आणि सरळ करावयास शिकविले. पोटाखालून टॉवेल घालून त्यास उभे कसे धरावे, हे दाखविले. आणि जखम भरल्यावर गावच्या व्हाळात त्यास खुब्याइतक्या पाण्यात रोज थोडा वेळ चालविण्यास सांगितले. कारण विचारले तेव्हा त्यांनी आकडेच सांगितले. घोट्याइतक्या पाण्यात कुत्र्याच्या पायांवर वजनाचा सुमारे ९१ टक्के भार राहतो, गुडघ्याइतक्या पाण्यात ८५, आणि खुब्याइतक्या पाण्यात केवळ ३८. म्हणजे जे पाय जमिनीवर शरीर तोलू शकत नाहीत, ते पाण्यात चालण्याचा सराव करू शकतात. दोन-अडीच महिन्यांनी कुत्रा चालू लागला; चालतो तिरपा, पण चालतो. हे सर्व आम्ही शेजारच्या एका वयोवृद्ध गृहस्थांस सांगितले तेव्हा ते हसून म्हणाले, ‘‘अहो, यात नवे ते काय? घोड्यांस पूर्वी हेच करीत.’’ त्यांचे म्हणणे कितपत खरे, याचा शोध घ्यावयाचे आम्ही ठरविले, आणि त्यातून जे हाती लागले ते येथे मांडीत आहोत.

पशूंची चिकित्सा हा आपल्याकडे राज्यकर्त्यांच्या कर्तव्याचा भाग मानला गेला, हे अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखावरून स्पष्टच आहे. माणसांची आणि पशूंची अशा दोन्ही चिकित्सांची सोय केल्याचे तो सांगतो. परंतु आमच्या विषयास अधिक जवळचा पुरावा कौटिल्याचा आहे. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणातील अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात, युद्धाने, रोगाने, वार्धक्याने अथवा कष्टाने खचलेल्या घोड्यांस केवळ पोटापुरते अन्न देऊन पोसावे, अशी व्यवस्था सांगितली आहे. त्यांस तेथे ‘पिण्डगोचरिक’ असे नाव आहे. जे रणास निरुपयोगी झाले, त्यांतील नरांचा उपयोग प्रजेच्या घोड्यांच्या पैदाशीसाठी करावा, असेही म्हटले आहे. त्याच प्रकरणात वैद्यासही मोकळे सोडलेले नाही. त्याच्या हयगयीने रोग वाढला तर उपचाराच्या खर्चाच्या दुप्पट दंड, आणि त्याच्या दोषाने जनावर गेले तर जनावराच्या किमतीइतका दंड! या नियमांमागे करुणा किती आणि हिशेब किती, याची फोड करणे कठीण आहे. कौटिल्याच्या बाबतीत आम्ही हिशेबाच्या बाजूस झुकतो. तथापि लंगड्या घोड्याचे काय करावयाचे, हा प्रश्न राज्याचा आहे, हे त्याने मान्य केले होते, आणि एवढेही पुढच्या पुष्कळांनी केलेले दिसत नाही.

अश्ववैद्यकाची परंपरा शालिहोत्र या ऋषीच्या नावाने चालते. त्या नावावरूनच घोड्याच्या वैद्यास मराठीत ‘साळोत्री’ आणि हिंदुस्थानीत ‘सलोत्री’ हे शब्द आले. एखाद्या विद्येच्या आद्य आचार्याचे नाव झिजत झिजत तिच्या गरीब कारागिराचे नाव व्हावे, असे उदाहरण विरळाच. जयदत्ताचे ‘अश्ववैद्यक’ आणि नकुलाच्या नावावर असलेले ‘अश्वचिकित्सित’ हे ग्रंथ कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने १८८७ साली छापून काढले. नकुलाच्याच नावाचे ‘अश्वशास्त्र’ तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने १९५२ साली प्रसिद्ध केले. भोसले राजांच्या त्या संग्रहाविषयी मराठी वाचकास निराळे सांगावयास नको. याच परंपरेतील एका ग्रंथाचा शाहजहानच्या काळी फारसीत अनुवाद झाला आणि त्या फारसीवरून जोसेफ अर्ल्स या इंग्रजाने केलेले भाषांतर १७८८ साली कलकत्त्यास छापले गेले. पंडित, मोगल सरदार आणि कंपनीचा अंमलदार या तिघांस एकाच पुस्तकाची गरज भासली, कारण तिघांचेही राज्य घोड्याच्या चार पायांवर उभे होते.

गोमंतकाचा या कथेतील भाग मोठा आहे आणि तो बंदराचा आहे. दख्खनच्या हवेत अरबी व इराणी घोड्यांची चांगली पैदास होत नसे. ते समुद्रमार्गे आणावे लागत. कदंबांच्या काळापासून गोव्याचे बंदर या व्यापारात होतेच. १५१० साली आल्बुकेर्कने ते आदिलशहाकडून जिंकल्यावर घोड्यांचा सारा व्यापार आपल्या मुठीत यावा, असा पोर्तुगीजांचा खटाटोप राहिला. एकीकडे विजयनगर आणि दुसरीकडे विजापूर, दोघांनाही घोडे हवे. मग गोव्याच्या जकातीस काय तोटा!

परंतु हे घोडे टिकत किती? तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने चोलमंडलाच्या किनाऱ्याविषयी लिहिताना सांगितले आहे की, तेथे घोडे मोठ्या संख्येने मरतात, कारण त्यांची निगा राखणे कोणास येत नाही. आणि घोडे आणणारे व्यापारी मुद्दामच नालबंदांस तिकडे जाऊ देत नाहीत, म्हणजे घोडे मरत राहतील आणि नवे खपत राहतील. त्यांस मांसासह शिजविलेला भात चारतात, असेही तो म्हणतो. ही गोष्ट परदेशी प्रवाशाची आहे आणि तीत ऐकीव भाग असणार. शालिहोत्राच्या देशात घोड्याचे वैद्य नव्हतेच, हे आम्ही मान्य करणार नाही. परंतु ग्रंथ असणे वेगळे आणि तबेल्यात हात असणे वेगळे, हा तिचा इशारा खोटा नाही. विजयनगरचा वृत्तांत लिहिणारा फेर्नांव नूनिश हा स्वतः घोड्यांचा व्यापारी. तो सांगतो की, साळुव नरसिंह राजा समुद्रात मेलेल्या घोड्याचेही मोल देत असे. व्यापाऱ्याने शेपटी आणून दाखविली की पुरे. मेलेल्या घोड्यास जिवंत घोड्याची किंमत मिळते, तेथे आजारी घोड्यावर कोण कष्ट घेणार?

याच्या उलट एक गोष्ट गार्सिया द ओर्ताच्या ग्रंथात आहे. हा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. एका पोर्तुगीजाचा एक उमदा घोडा पोटात वात धरल्यामुळे विजयनगरच्या राजाने नाकारला. त्या गृहस्थाने त्यास पिठातून हिंग चारला आणि घोडा बरा झाला. राजाने तो चांगली किंमत देऊन घेतला आणि औषध कोणते, ते विचारले. हिंग म्हणताच, हे तर देवांचे अन्न, मग गुण येणारच, असे राजा उद्गारला. यावर, देवांचे कसले, सैतानाचे, असे तो पोर्तुगीज हळूच पुटपुटला. हिंगाविषयीचे आमचे मत राजासारखेच आहे.

मराठ्यांच्या पागेकडे वळले की भाषा एकदम घरची होते. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ साली लिहिलेल्या बखरीत पंचवीस बारगिरांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असल्याचे नमूद आहे. पंचवीस घोड्यांस एक नालबंद हे प्रमाण आम्हांस फार बोलके वाटते. घोड्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो. नाल तिरपा बसला तर त्याची शिक्षा खुरापासून खांद्यापर्यंत सर्व सांध्यांस भोगावी लागते. नालबंद हा केवळ लोहार नव्हे, लंगडेपणास आरंभीच अडविणारा तो पहिला वैद्य होता. महाराजांचे राज्याभिषेकाच्या सुमाराचे चिपळूणच्या छावणीतील अंमलदारांस पाठविलेले पत्र सर्वांच्या परिचयाचे आहे. रयतेस त्रास देऊ नये, या त्यातील आज्ञेची नेहमी वाखाणणी होते, आणि ती योग्यच आहे. पण ते पत्र मुळात घोड्यांच्या पावसाळी बेगमीविषयी आहे. दाणा-गवत आताच उधळलेत तर पुढे घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल, असे त्यात बजावले आहे. जळती वात उंदराने नेऊन गवतास आग लागेल, इथपर्यंत ज्याची नजर पोहोचली, त्यास दुखावलेल्या घोड्याची चिंता नव्हती, असे कोण म्हणेल?

पागेतील नित्याचे उपचार आपल्या शब्दांतच शिल्लक आहेत. मोतद्दार घोड्यास खरारा करी, तो केवळ धूळ झाडण्यासाठी नव्हे. त्याने स्नायू मोकळे होतात आणि कोठे दुखते ते हातास कळते. दौडीनंतर घोडा लगेच न बांधता हळूहळू फिरवून थंड करणे, मुरगळलेल्या सांध्यास शेक देणे, लेप लावणे, नदीत उभे करणे, हे सारे अनुभवाचे शहाणपण होते. खोगिराचेच पाहा. त्यात भरलेली लोकर किंवा चिंध्या नीट बसल्या नाहीत तर घोड्याची पाठ लागते आणि आठवड्यात घोडा निकामी होतो. ज्या भरतीवर स्वाराचा जीव अवलंबून, तीच ‘खोगीरभरती’ आज आपण निरुपयोगी गोष्टींच्या गर्दीस म्हणतो! शब्द उरला आणि अर्थ उलटला. वाङ्मयाच्या अभ्यासकांनी याची नोंद घ्यावी.

आमच्या भागाशी मराठी घोडदळाचा संबंध जवळचा. डिचोली तालुक्यातील नार्वे येथील सप्तकोटेश्वराचा जीर्णोद्धार शिवछत्रपतींनी १६६८ साली करविला. तेथून जवळच जुवे बेट. १६८३ च्या नोव्हेंबरात संभाजी महाराजांच्या सैन्याने तेथील किल्ला घेतला. त्या धुमश्चक्रीत भरतीच्या पाण्यात महाराजांचा घोडा पोहणीस लागला आणि खंडो बल्लाळांनी उडी घालून त्यास सावरले, अशी परंपरा सांगते. पुढे सावंतवाडीकर भोसल्यांकडून डिचोली १७८१ त आणि पेडणे १७८८ त पोर्तुगीजांकडे गेले आणि मराठी घोड्यांच्या टापा येथून हळूहळू विरल्या.

साळोत्र्याची पुढची कथा थोडक्यात सांगता येईल. १७६२ साली फ्रान्समध्ये लियाँ येथे क्लोद बुर्जला याने पहिले पशुवैद्यक विद्यालय उघडले. हा मनुष्य मूळचा अश्वारोहणाचा शिक्षक. मुंबईत १८३२ साली भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमावरून दंगल उसळली आणि १८३४ साली पांजरपोळ स्थापन झाला. १८८० नंतर परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे पशूंचे इस्पितळ निघाले आणि त्याच्याच आवारात १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. हिंदी घोडदळात ‘सलोत्री’ हे पद विसाव्या शतकातही होते, परंतु आता तो गोऱ्या पशुवैद्याचा हाताखालचा माणूस होता. इंग्लंडात चार्ल्स स्ट्राँग या माणसांच्या अंगमर्दनतज्ज्ञाने आपली विद्युत्-उपचारांची पद्धत घोड्यांस लावली आणि १९६७ साली त्यावर पुस्तक लिहिले. तेथे १९८५ साली अशा उपचारकांची स्वतंत्र संघटनाही झाली. त्यातूनच पाण्यातील चालपट्टे, ध्वनिलहरींचा शेक इत्यादी साधने आली आणि ती शर्यतीच्या घोड्यांवरून घरच्या कुत्र्यांपर्यंत उतरली.

तेव्हा शेजारच्या वृद्ध गृहस्थांचे म्हणणे अर्धे खरे मानावे लागते. पाणी, शेक, मर्दन आणि सावकाश चाल ही जुनीच. मात्र भार किती कमी होतो, कोणत्या दिवशी किती पावले चालवावीत, हे मोजणे नवे. आणि जुन्यातले सर्वच घेण्यासारखे नव्हते. सुजलेल्या सांध्यावर तापल्या लोखंडाचे डाग देणे, रक्त काढणे, हे प्रकार आपल्याकडे होते तसे युरोपातही होते. त्यांनी किती घोड्यांस विनाकारण छळले असेल, ते त्या मुक्या जिवांसच ठाऊक. स्वदेशाभिमानाने त्यांवर पांघरूण घालण्याचे कारण नाही.

आमची तक्रार इतिहासकारांविषयी आहे. कोणत्या लढाईत किती घोडा होता, याचे आकडे आपण पाठ करतो. पानिपतावर चंदीवाचून घोडी मेली, हेही हळहळून सांगतो. परंतु लढाईनंतर लंगडत परत आलेल्या घोड्याचे काय झाले, हे कोणी विचारले नाही. साताऱ्याजवळ संगम माहुली येथे शाहू छत्रपतींच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे; ती पाहून आपण कौतुक करतो आणि पुढे जातो. पागांचे जमाखर्च मोडी रुमालांत आहेत. त्यांत नालबंदाचा मुशाहिरा असेल, तेला-तुपाचा, हळदीचा, हिंगाचा खर्च असेल. कोणत्या घोड्यासाठी, किती दिवस, हेही क्वचित असेल. मोडी वाचणाऱ्या तरुण अभ्यासकांपैकी एखाद्याने हे रुमाल या एकाच दृष्टीने चाळावेत, अशी आमची विनंती आहे. तोवर पेडणे-डिचोलीकडील वृद्धांच्या तोंडी जनावरांच्या लंगडेपणाचे, मुरगळीचे, शेकाचे जे शब्द अजून आहेत, ते आम्ही एका वहीत उतरवून घेत आहोत. बैलांचे शब्द पुष्कळ मिळाले, घोड्याचे अद्याप फारच थोडे.