काळी, पांढरी आणि नळीवरचे ठोके

मराठी मुलखातल्या गावाने आपली जमीन पूर्वापार दोन नावांनी ओळखली: पिकाची ती काळी, वस्तीची ती पांढरी. बालाघाटच्या कडेला, विंचरणा नदीच्या काठी वसलेल्या जामखेडच्या परिसरातही हीच वाटणी चालत आली. घर काळीत बांधायचे नाही, यामागे रोकडे कारण होते. काळी पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. वैशाखात तिला हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि तिच्यावर उभ्या असलेल्या भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर जाते. आज तालुक्याची गावे बिगरशेती प्लॉटांच्या रूपाने याच काळीवर पसरत आहेत. अशा जागी पाया आखताना केवळ नळी ठोकून ठोके मोजण्याच्या चाचणीवर विसंबणे म्हणजे जुन्या शहाणपणातला अर्धा भाग टाकून देणे होय, असे माझे मत आहे.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. पांढरी ही निवडलेली जमीन नव्हेच. पडक्या भिंतींची माती, राख आणि शेण साचून ती पांढुरकी झाली. जामखेडच्याच जिल्ह्यातल्या नेवासे आणि दायमाबाद इथल्या उत्खननांत वस्तीवर वस्ती कशी चढत गेली ते दिसलेच आहे. हे मान्य केले तरी रीत खोटी ठरत नाही. पांढरी कशीही तयार झालेली असो, ती काळीसारखी फुगत नाही हे लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आणि घरे तिच्यावरच ठेवली. मात्र तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. ती अखेर भुसभुशीत भर आहे. जाड भिंतींच्या एकमजली धाब्याच्या घराचा भार तिने पेलला. चार मजल्यांच्या कॉलमचा भार ती पेलणार नाही. ‘जमीन हलेल का?’ याचे उत्तर रीतीकडे होते, ‘किती पेलेल?’ याचे नव्हते.

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आकड्यात देण्याची पद्धत बोस्टनहून आली. चार्ल्स गो यांनी १९०२च्या सुमारास तिथे बोअरच्या तळाशी नळी ठोकून मातीचा नमुना काढायला सुरुवात केली. १९४७मध्ये मृदा-अभियंते टेरझागी यांनी तिला प्रमाणित चाचणी म्हणून पुढे आणले, आणि १९६३मध्ये ती आयएस २१३१ या भारतीय मानकात आली. तिपाई उभी करायची, दांड्यावर खडूने १५–१५ सेंटिमीटरच्या तीन खुणा करायच्या आणि ६३.५ किलोचा घण ७५ सेंटिमीटरवरून सोडत राहायचा. पहिल्या टप्प्याचे ठोके सोडून द्यायचे, पुढच्या दोन टप्प्यांचे मोजायचे. वाळूत किंवा नदीच्या गाळात पाइलची, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेल्या पायाच्या खांबाची, खोली आणि भारक्षमता ठरवायला हा आकडा मोठा आधार देतो.

जामखेडकडे मात्र नळी मुरुमात शिरताच अडते. ५० ठोके पडतात आणि १५ सेंटिमीटरही ती आत जात नाही. ‘इथे खाली खडकच आहे, मग चाचणी हवी कशाला?’ हा सवाल त्यातूनच येतो. पण जवळच्या सौताड्याच्या दरीत डोकावले तर दिसते की हा खडक एकसंध नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर इथे एकावर एक बसले आहेत. अशा प्रदेशात दोन कठीण थरांमध्ये झिजलेला मऊ थर असू शकतो, आणि वरच्या मुरुमात न झिजलेले गोल धोंडे अडकून राहतात. नळी अशा धोंड्यावर टेकली की खडक लागल्याचा भास होतो. म्हणून ठोके थांबले तरी ड्रिलिंग पुढे चालू ठेवून खडकाचा गाभा काढून पाहावा लागतो. शेजारच्या विहिरीची उभी कातळभिंतही फुकटचा पुरावा देते. पिढ्यान्‌पिढ्या विहिरी खोदणाऱ्या वडारांना पहारीच्या आवाजावरून थर ओळखता येत असे. ते ज्ञान कुठल्याही आराखड्यात नोंदले गेले नाही, याची मला खरोखर खंत वाटते.

काळीच्या बाबतीत तर ठोक्यांचा हा आकडा ऋतूबरोबर बदलतो. मे महिन्यात वाळून टणक झालेली काळी भरपूर ठोके घेते. तीच भाद्रपदात थोड्या ठोक्यांत नळीला वाट देते. उन्हाळ्यातल्या अहवालावरून पाया उथळ ठेवला की पहिल्याच पावसाळ्यात फसगत होते. फुगण्याचा अंदाज घ्यायला मातीची फुगवण प्रयोगशाळेत वेगळी तपासावी लागते. मुरूम हाताच्या अंतरावर असेल तर त्याच्यापर्यंत खोदून पाया बसवणेच बरे. तिथे पाइलचा खर्च उगाच. काळी खोल असेल तिथे रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने गेल्या शतकात रुजवलेली अंडर-रीम्ड पाइल उपयोगी पडते. मातीची हालचाल साधारण साडेतीन मीटरखाली मंदावते, म्हणून पाइल त्याखाली नेऊन तिच्या बुडाला फुगवटा ठेवतात. वरची माती फुगून पाइलला वर ओढू लागली की हा फुगवटा तिला धरून ठेवतो, आणि ती ओढ सोसण्यासाठी सळया पाइलच्या पूर्ण लांबीभर घालाव्या लागतात. पाइलच्या माथ्यावरची तुळई जमिनीपासून किमान ८० मिलिमीटर वर ठेवायची असते. खालून फुगून येणाऱ्या काळीसाठी सोडलेली ही जागा ठोक्यांच्या कुठल्याही आकड्यातून निघत नाही.