वाचणारी आंधळी

"नजर अधू झालीये" असं आपण म्हणतो आणि विषय तिथंच संपवतो. मोतीबिंदूला ऑपरेशन आहे, नंबरला चष्मा आहे. पण हे सगळं करूनही ज्यांना पुरेसं दिसत नाही त्यांचं काय? सरकारी भाषेत याला अल्पदृष्टी म्हणतात. या शनिवार-रविवारी त्याचाच इतिहास चाळत बसलो.

कारण घरचंच आहे. करमाडच्या माझ्या आत्याला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे. यात कडेची नजर हळूहळू जाते, आणि नळीतून पाहिल्यासारखं मधलं तेवढं उरतं. त्यामुळे आत्या पेपरचा मथळा वाचते, पण जालना रोडवर बाजूनं येणारी मोटारसायकल तिला दिसत नाही. गावाचा निकाल ठरलेला: सोंग करते!

पण गावाला काय नावं ठेवायची? शहाण्या जगालाही हे कळायला वेळ लागला. १९०८ साली लंडनमध्ये जास्त नंबरच्या मुलांसाठी वेगळी शाळा निघाली, १९१३ मध्ये बोस्टनला तसा वर्ग. हेतू चांगलाच होता, डोळे वाचवायचे. म्हणून बारीक अक्षर बंद, वाचन कमीत कमी. नजर म्हणजे जणू टँकरचं पाणी, वापरलं की संपलं. दुसरीकडे अंधशाळांमध्ये थोडंफार दिसणारी मुलंही ब्रेललाच बसवली जायची.

१९५३ मध्ये न्यूयॉर्कला अल्पदृष्टीसाठी वेगळे दवाखाने सुरू झाले. १९६४ मध्ये नॅटली बरागा या अमेरिकन बाईंचा अभ्यास छापून आला. अंधशाळेतल्या थोडं दिसणाऱ्या मुलांकडून त्यांनी बघण्याचा सराव करून घेतला, आणि त्या मुलांना पूर्वीपेक्षा जास्त ओळखता येऊ लागलं. आमच्या भाषेत, हार्डवेअर तेच, सॉफ्टवेअर सुधारलं! त्याच दशकात रँड कॉर्पोरेशनमधल्या सॅम्युअल जेनेन्स्की या गणितज्ञानं (तो स्वतः अल्पदृष्टीचा) सहकाऱ्यांबरोबर कॅमेरा टीव्हीला जोडून अक्षर मोठं करणारी यंत्रणा बनवली. आज ते काम खिशातला मोबाईल करतो.

आता आपला कायदा. १९९२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या बँकॉकच्या बैठकीत अल्पदृष्टीची जी व्याख्या ठरली, तिचा गाभा आपल्या १९९५च्या अपंग कायद्यात आला. उपचार, चष्मा होऊनही नजर कमी, पण साधनाच्या मदतीनं ती कामाला लावता येईल अशी व्यक्ती. म्हणजे कायदा विचारत होता, तुम्ही काय करू शकता? २०१६च्या कायद्यानं आकडे दिले: नजर ६/१८ ते ३/६०, किंवा नजरेचा घेर ४० ते १० अंश. प्रमाणपत्रासाठी आकडा हवाच, तो मोजता येतो. पण आकडा लिहिला की "काय करू शकता" हा प्रश्न विचारायचा राहून जातो.

गंमत म्हणजे घेर १० अंशांच्या आत गेला की कायद्यानं माणूस अंध. आत्या त्यात बसते. तेव्हा पेपर वाचणारी आंधळी असू शकते, हे कायद्यालाच मान्य आहे. गावानं नोंद घ्यावी :)

भिंगाचा मात्र आत्याला फारसा उपयोग नाही. अक्षर मोठं केलं की ते नळीत मावत नाही. तिच्या कामाला आल्या त्या साध्या गोष्टी. मान वळवत ठरावीक क्रमानं नजर फिरवणं, रस्त्यासाठी पांढरी काठी, पायरीच्या कडेला पिवळा पट्टा, दुधाला गडद रंगाचा कप (पांढऱ्या कपात दूध कुठवर आलं ते कळतच नाही), भाकरीला गडद ताट, आणि ओळ चुकू नये म्हणून फट कापलेला काळा पुठ्ठा. खर्च जवळजवळ नाहीच. हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं, कारण "आता काही होत नाही" या वाक्यानंतर आम्ही सगळेच गप्प बसलो होतो.

करमाड स्टेशनातून जाणारी रेल्वेलाइन हैदराबादकडे जाते. तिथं १९८७ साली सुरू झालेल्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत अल्पदृष्टीसाठी स्वतंत्र केंद्र आहे. पण प्रत्येकानं तिथवर जायलाच हवं असं नाही. मंडळी, डॉक्टर "काही होत नाही" म्हणाले, तर त्याचा अर्थ एवढाच की औषधानं, ऑपरेशनानं होत नाही. तिथून उठण्याआधी एक प्रश्न जरूर विचारा: "लो व्हिजनचं कुठं बघतात?"