दशकाची अखेर आणि नाट्यसंगीताचा कालनिर्णय

‘दशक’ ही संज्ञा मूलतः संख्यावाचक आहे. इतिहासलेखनात मात्र ती प्रवृत्तिवाचक बनते, आणि या अर्थांतराकडे बहुधा दुर्लक्ष होते. ‘विसाव्या शतकाचे तिसरे दशक’ असे म्हटले, की मराठीतील क्रमवाचक गणनेनुसार १९२१ ते १९३० ही वर्षे अभिप्रेत असतात. वर्षाच्या आकड्यावरून नाव देण्याची इंग्रजी पद्धत स्वीकारल्यास तीच मर्यादा १९२० ते १९२९ अशी सरकते. मराठी नाट्यसंगीताच्या बाबतीत या दोहोंपैकी कोणती अखेर खरी, असे विचारल्यास दोन्ही अपुऱ्या ठरतात.

१८८० साली किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’ने सुरू झालेली परंपरा गोविंदराव टेंबे यांच्या ‘मानापमान’ (१९११) व भास्करबुवा बखले यांच्या ‘स्वयंवर’ (१९१६) या नाटकांतील चालींनी प्रौढत्वास पोचली. १९२१ मध्ये केशवराव भोसले आणि १९२२ मध्ये भास्करबुवा निवर्तले. निर्मात्यांच्या दृष्टीने पाहता, पंचांगातील दशक उघडत असतानाच एक कालखंड मिटत होता.

उलट, नाटक मंडळ्यांच्या दृष्टीने ही अखेर पुढे जाते. ‘आलम आरा’ १९३१ मध्ये व ‘अयोध्येचा राजा’ १९३२ मध्ये पडद्यावर आला, आणि बोलपटाने रंगभूमीचा प्रेक्षक ओढून नेला, हे खरे. परंतु १९३१ सालीच गंधर्व नाटक मंडळीने ‘कान्होपात्रा’ हे नवे नाटक रंगभूमीवर आणले. ‘मानापमाना’च्या चाली बांधणारे टेंबे ‘अयोध्येचा राजा’चे संगीतकार तर होतेच, शिवाय त्यातील हरिश्चंद्रही तेच होते. १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’ने नाट्यपदाला भावगीताजवळ आणले, तरीही १९४२ च्या ‘कुलवधू’च्या चाली भास्करबुवांचेच शिष्य मास्टर कृष्णराव यांनी दिल्या. मंडळ्या मोडल्या, पण विद्या हस्तांतरित होत राहिली. यास्तव संस्थेची अखेर आणि शैलीची अखेर एकच मानणे युक्त नव्हे.

श्रोत्याचा काळ तर याहून निराळा. आज बालगंधर्व ऐकू येतात ते मुख्यतः ध्वनिमुद्रिकेतून, आणि त्या काळच्या तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांत संपत असे. रंगमंचावर तेच पद ‘वन्समोअर’च्या आग्रहाने वाढे, आणि थिरकवा यांचा तबला व कादरबक्ष यांची सारंगी त्यास साथ करी. तबकडीत पदाचा आराखडा उरला. त्याचा विस्तार, प्रसंग व श्रोत्यांशी चाललेला संवाद गळाला. जुने संगीत ‘आटोपशीर’ होते अशी प्रशंसा, किंवा ते ‘कृत्रिम’ होते असा आक्षेप, पुष्कळदा गायकाविषयी नसून यंत्राच्या मर्यादेविषयी असतो. भूतकाळातील संगीताचा आस्वाद घेणाऱ्याने हा भेद प्रथम करावयास हवा. अन्यथा स्मरणरंजन आणि उपेक्षा हे दोन्ही दोष एकाच अज्ञानातून उद्भवतात.

तात्पर्य, दशकाला एकच अखेर नसते. निर्माते, संस्था, शैली आणि श्रवण यांच्या मर्यादा भिन्न वर्षी येतात, आणि यांपैकी कोणती मर्यादा आपण गृहीत धरली आहे हे इतिहासकाराने स्पष्ट केले पाहिजे. गंधर्व मंडळीचा पडदा कायमचा पडला. परंतु त्या पदांची चाल नव्या गळ्यांतून जोवर बांधली जात आहे, तोवर श्रवणाच्या इतिहासात ते दशक समाप्त झाले असे म्हणता येत नाही.