अन्ननलिकेचा सांधा



पनवेल तालुक्यांतील खारघर येथें टाटा स्मारक केंद्राची कर्करोग-संशोधनाची मोठी संस्था २००२ सालापासून नांदत आहे. तिचें मातृगृह असलेलें परळचें रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें. पाण्याचा घोटही गिळवेनासा झालेला रोगी अशा दारीं येतो, आणि शस्त्रक्रिया करावयाची ठरली म्हणजे त्याचें भवितव्य एका सांध्यावर येऊन ठेपतें. त्या सांध्याची कथा आज सांगावयाची आहे.

रोगग्रस्त अन्ननलिका कापून काढणें हें अर्धेंच काम. उरलेलें टोंक वर ओढलेल्या जठरास शिवावें लागतें, आणि हा सांधा छातींत झिरपला तर प्राणावर बेततें. आंतड्यांस बाहेरून जें चिवट अस्तर असतें, तें अन्ननलिकेस नाहीं; म्हणून टांका तिचें मांस चिरीत जातो. शिवाय जठराच्या वर ओढलेल्या टोंकास रक्त बेताचेंच पोंचतें.

म्हणून न्यूयॉर्कच्या टोरेक ह्यांनीं १९१३ सालीं सांधा केलाच नाहीं. गळ्यावरील छिद्रापासून जठरापर्यंत त्यांनीं रबराची नळी अंगाबाहेरून नेली. ती बाई त्या नळीनें जेवून सुमारें एक तप जगली! पुढें १९३३ सालीं जपानांत ओसावा, १९३८ सालीं शिकागोस अ‍ॅडम्स व फेमिस्टर, आणि १९४६ सालीं लंडनचे आयव्हर लुइस ह्यांनीं छातींतील सांध्याची वाट रुळविली.

शरीरांतील सांध्यास प्राणिज वस्तूचें साह्य घेणें आपणांस नवें नाहीं. फुटलेल्या आंतड्याच्या कडा काळ्या मुंग्यांकडून डसवून मिळवाव्या व त्यांचीं डोकीं तशींच ठेवावीं, असें सुश्रुतसंहिता सांगते. आधुनिकांनीं रोग्याचीच वपा, म्हणजे आंतड्यांवरील चरबीचा पडदा, सांध्याभोंवतीं गुंडाळली. काश्मीरांत १९४ रोग्यांवर केलेलें परीक्षण २००६ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत सांधा झिरपण्याचें प्रमाण ह्या वेष्टनानें शेंकडा १४ वरून ३ वर आलें. त्यानंतरचा प्रयत्न तयार ठिगळांचा. कोणी रक्त गोठविणाऱ्या प्रथिनांचा लेप दिलेला कोलॅजेनचा पातळ पत्रा चिकटवितात. कोणी डुकराच्या आंतड्याचें, पेशी धुऊन काढलेलें अस्तर लावतात. शरीर त्यावर आपलें मांस विणतें आणि ठिगळ हळूहळू विरून जातें.

तथापि एक भेद विसरतां येत नाहीं. वपा आपल्या रक्तवाहिन्या बरोबर घेऊन येते. तयार ठिगळ स्वतःचें रक्त आणीत नाहीं. ठिगळ लावणारी गृहिणी खालचें कापड जीर्ण तर नाहीं ना, हें आधीं चांचपून पाहते. शल्यविशारदासही सांध्याच्या कडांस रक्त पोंचतें कीं नाहीं, हेंच प्रथम पाहावें लागतें. ठिगळाचा विचार त्यानंतरचा.