ताल-विभाग
गाण्याची लय सांभाळणारा वाद्यगट. पाश्चात्त्य पॉप-रॉक बँडमध्ये तो ड्रम व बेस गिटार यांवर उभा असतो. ब्रह्मपुरी-वडसा भागातील झाडीपट्टी नाटकांत हे काम तबला व ऑक्टोपॅडकडे असते. सुरांची बाजू ऑर्गन सांभाळतो. या गाण्यांना बेसवर खर्जातली सोपी साथ बांधताना तबल्याच्या डग्ग्याची चाल धरावी. केहरवा तालाच्या ‘धा गे ना ती । न क धी न’ या आठ मात्रांत डग्गा पहिल्या, दुसऱ्या व सातव्या मात्रेवर घुमतो. समेवर षड्ज, सातवीवर पंचम, मधे विश्रांती. रात्रभर चालणाऱ्या नाटकातील गाण्याला एवढे पुरते. स्वरमेळ बदलला की दोन्ही स्वर त्याप्रमाणे सरकतात. खर्जात गर्दी झाली की गायकाचे शब्द बुडतात, म्हणून नवशिक्या वादकाने दुसरी मात्रा सोडलेलीच बरी.